खाण्याची अ‍ॅलर्जी: कोणाला नुसती खाज, कोणाच्या थेट जिवावर. असं का?

पांढरं_सोनं

सरळ मुद्द्यावर येते. माझ्या भाच्याला (वय १५, गाव घाटंजीकडं) शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी आहे. दाणा पोटात गेला की ओठ सुजतात, अंगावर गांधी उठतात, सिट्रिझिन दिली की हळूहळू उतरतं. लहानपणापासून हेच चाललंय, त्यामुळे घरात कोणी फार मनावर घेत नाही. ताईचं म्हणणं, "त्याची अ‍ॅलर्जी हलकी हाय, त्याले जास्त होतच नाही."

पण आमच्या ओळखीतल्या एका मुलीला झिंगे खाऊन थेट आयसीयूत न्यावं लागलं. तिलाही आधी नुसतं खाजतच होतं म्हणे. तेव्हापासून माझ्या डोक्यात किडा वळवळतोय. एकाला खाज सुटते आणि दुसऱ्याचा जीव टांगणीला लागतो, हे ठरतं कशावरून? आधी ओळखता येतं का? रक्ताच्या रिपोर्टमधून कळतं का?

पोराला दमा पण आहे. कबड्डी खेळतो. "आता मोठा झाला, पंपाची सवय लागायला नको" म्हणून पंप बंद केलाय. लग्नसराई तोंडावर आहे आणि आपल्याकडची लग्नातली डाळभाजी दाण्याशिवाय होत नाही, म्हणून विचारते. डॉक्टर मंडळी असतील तर कृपया लिहा. अनुभवही चालतील.

तर्री_पोहे

डाळभाजीतून दाणे काढले तर अर्धी वरात पंगतीतून उठून जाईल, आणि ती रिअ‍ॅक्शन वेगळीच सिरियस असेल. (दिवा घ्या.)

गंभीर उत्तराची वाट पाहतोय. आमच्या पोरीला अंड्याचं आहे.

आमसूल

ताई, घाबरू नका हो. हे पित्त असतं. आमच्याकडं आमसुलाचं पाणी अंगाला चोळतात, गेरू लावतात, घोंगडीत गुंडाळून झोपवतात. आजीनं आमची अख्खी पिढी अशीच वाढवली.

पीएचसीवाला

@आमसूल, नुसत्या गांधी असतील तर तुमच्या आमसुलानं नुकसान काही नाही. त्या आपोआपही उतरतात आणि श्रेय आमसूल घेऊन जातं. माझा आक्षेप घोंगडीला आहे. आत पोराचा श्वास अडकतोय का, हे मग कोणी पाहत नाही.

@पांढरं_सोनं, मी आदिवासी पट्ट्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात आहे. जरा लांबडं लिहितो.

आधी धीराची गोष्ट. खाण्याच्या अ‍ॅलर्जीनं जीव जाणं एकूणात दुर्मीळ आहे. पण ज्यांचा गेला त्यांच्या नोंदी वाचल्या की त्याच त्या दोन-चार गोष्टी पुन्हा पुन्हा समोर येतात.

सगळ्यात वर दमा. साधा दमा नव्हे, ताब्यात नसलेला दमा. परदेशात अशा मृत्यूंचा जो अभ्यास झाला, त्यात बहुतेकांना दमा होता. आधीच सुजलेल्या श्वासनलिका रिअ‍ॅक्शनमध्ये आणखी आवळल्या की माणसाकडं राखीव काही उरत नाही. म्हणून तुमच्या पोस्टमधलं मला सगळ्यात खटकलेलं वाक्य शेंगदाण्याचं नाही, पंप बंद केल्याचं आहे.

दुसरं वय. गंभीर प्रकार लहान बाळांपेक्षा किशोरवयात आणि विशीत जास्त जिवावर बेततात. या वयात पोरं मित्रांसोबत बाहेर खातात, 'मला हे चालत नाही' सांगायला लाजतात, आणि घसा आवळायला लागला तरी कोणाला न सांगता कोपऱ्यात जाऊन बसतात.

तिसरं उशीर. ब्रिटनमधले डॉक्टर रिचर्ड पम्फ्री यांनी अ‍ॅनाफिलॅक्सिसच्या, म्हणजे जिवावरच्या अ‍ॅलर्जीच्या, मृत्यूंचा अभ्यास २००० साली छापला. खाण्यामुळे रिअ‍ॅक्शन आलेल्यांत श्वास किंवा हृदय बंद पडायला लागलेला वेळ मधल्या आकड्यानं ३० मिनिटं होता. गांधीलमाशी-मधमाशीच्या डंखात १५, इंजेक्शन-औषधांच्या रिअ‍ॅक्शनमध्ये ५. आता तुमच्या गावापासून तालुक्याला जायला किती वेळ लागतो तो हिशोब तुम्हीच करा.

आणि ताईंना सांगा, 'मागच्या वेळी हलकं होतं' याची पुढच्या वेळी हमी नसते. मागे एकदा गंभीर झालं असेल तर जास्त जपायचं, हे खरं. उलट बाजूनं मात्र ते लागू होत नाही. पोटात दाणा किती गेला, त्या दिवशी ताप होता का, दमा उसळला होता का, पळापळ झाली का, यावर तीच अ‍ॅलर्जी वेगळी वागते.

रक्तातल्या आयजीईचा, म्हणजे अ‍ॅलर्जीत वाढणाऱ्या प्रतिपिंडाचा, आकडा हवामान खात्यासारखा समजा. पाऊस येण्याची शक्यता सांगतो, किती पडणार ते नाही. आकडा कमी असलेल्याला जोरात होऊ शकतं आणि भला मोठा आकडा असलेला नुसता खाजवत बसतो.

कास्तकार_बावा

डॉक्टरसाहेब, 'पळापळ झाली का' म्हणलं तुम्ही, त्याच्यावरून माह्यी गोष्ट सांगतो. लोकं हसतात माह्यावर.

मले गव्हाचं हाय. पण घरी पोळी खाऊन खाटेवर पडलो तं काहीच होत नाही. पोळी खाऊन वावरात पऱ्हाटी उपटाले गेलो का मंग खेळ सुरू. आधी तळहात खाजवते, मंग अंगभर गांधी, मंग डोळ्यापुढं अंधारी. बायको म्हणे कामाची अ‍ॅलर्जी हाय तुमाले. गावातला डॉक्टर म्हणे ऊन लागलं.

एका साली भंडाऱ्याचे रोडगे होते आमच्या इकडं. पाठ दुखे म्हणून सकाळीच दुखण्याची गोळी घेतली होती. दाबून रोडगे खाल्ले अन् तुरीचे गठ्ठे उचलाले गेलो. बांधावरच पडलो. पोट्ट्यानं पाहिलं म्हणून वाचलो. मंग नागपूरले मोठ्या डॉक्टरनं सांगितलं का गहू अन् मेहनत, दोन्ही एका जागी आले का होते. आता कामाच्या दिवशी ज्वारीची भाकर, अन् पोळी रातच्याले.

तर्री_पोहे

कामाची अ‍ॅलर्जी मलाही आहे, पण माझी पोळी न खाताही होते.

पीएचसीवाला

@कास्तकार_बावा, हसणाऱ्यांना हा धागा दाखवा. हा ओळखलेला आजार आहे. गव्हातल्या ओमेगा-५ ग्लायडिन नावाच्या प्रथिनाची अ‍ॅलर्जी असते, पण ती एकटी बऱ्याचदा गप्प बसते. सोबत अंगमेहनत, दुखण्याची गोळी (अ‍ॅस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक ही मंडळी) किंवा दारू आली की उसळते. तुमच्याकडं त्या दिवशी तीनातल्या दोन गोष्टी होत्या. या प्रथिनाच्या रक्ततपासणीची सोय मोठ्या शहरात आहे. नेहमीच्या गव्हाच्या तपासणीत हे कधी कधी सापडतच नाही, म्हणून ते नाव घेऊन सांगावं लागतं.

एक भर. ज्वारीचा बेत चांगला आहे, पण पोळी रात्रीच खा आणि जेवल्यावर चार-सहा तास मेहनत नको. मोटरीवर पाणी द्यायला रात्री वावरात जायचं असेल तर त्या रात्रीही भाकरच.

शेंगदाण्याच्या अ‍ॅलर्जीतही मेहनत, ताप, अपुरी झोप, बायकांच्या बाबतीत पाळीचे दिवस, यांनी रिअ‍ॅक्शन कमी दाण्यातच आणि जोरात येऊ शकते. कबड्डी बंद करा असं मी म्हणणार नाही. मॅचच्या आधी अनोळखी हातचं काही खाऊ नको, एवढं पोराला नक्की सांगा.

शुद्ध_घाणा

सगळे गोळ्या-इंजेक्शनांवर बोलताहेत, मूळ कारणावर कोणी बोलत नाही. आमच्या लहानपणी होती का कोणाला अ‍ॅलर्जी? फवारण्या, हायब्रीड, रिफाइंड तेल, हे आहे मूळ. लाकडी घाण्याचं शेंगदाणा तेल सुरू करा, सहा महिन्यांत शरीर शुद्ध होतं. स्वानुभव.

मिक्सरवाली

@शुद्ध_घाणा, थांबा थांबा, हे वाचून कोणी खरंच करेल. शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी दाण्यातल्या प्रथिनाची असते. पूर्ण रिफाइंड तेलात प्रथिन जवळजवळ उरत नाही. घाण्याच्या तेलात ते राहतं. तुमचं तेल चांगलं असेल, सुगंधीही असेल, पण या पोरासाठी नेमकं तेच धोक्याचं आहे.

शुद्ध_घाणा

मग आधीच्या काळी लोकं मरत का नव्हती?

मिक्सरवाली

मरत असतील. 'करणी केली', 'विंचू चावला असेल', 'हार्टफेल' असं म्हणून मोकळे होत असतील. ते लिहून कोण ठेवणार होतं? बाकी फवारणीबद्दल तुमचं दुखणं मला मान्य आहे, त्यासाठी वेगळा धागा काढा, मी येते भांडायला.

झाडीपट्टी

मी गोंदियाकडचा. आमच्याकडं तलाव, बोड्या, त्यामुळे झिंगे घरोघरी. झिंग्याची अ‍ॅलर्जी म्हणजे काय ते मी जवळून पाहिलंय.

माझा चुलतभाऊ. तिशीतला, धट्टाकट्टा. झिंग्यांनी त्याचे ओठ खाजायचे, तरी खायचा, वरून मोहाची घ्यायचा. एकदा जेवण झालं आणि पाच-दहा मिनिटांत आवाज घोगरा झाला. मग उलटी, मग घाम. अंगावर पुरळ? एकही नाही. म्हणून आम्ही म्हणालो, चढली असेल. त्याला मोटारसायकलवर दोघांच्या मधात बसवला आणि निघालो. रस्त्यात त्याची मान पडली. नशीब, वाटेतल्या आरोग्य केंद्रात सिस्टरनं पाहिल्या पाहिल्या मांडीत इंजेक्शन दिलं. नंतर तिथल्या डॉक्टरांनी आम्हालाच झापलं, म्हणे बसवून कशाला आणला.

अवांतर: आमच्याकडं लाखोळीची डाळ खातात, तिनं पाय लुळे पडतात असं म्हणतात. ती पण अ‍ॅलर्जीच का?

पीएचसीवाला

@झाडीपट्टी, लाखोळी अ‍ॅलर्जीत बसत नाही. त्या डाळीत मज्जातंतूंना बाधणारा विषारी घटक असतो. महिनोन् महिने मुख्य अन्न म्हणून तीच खाल्ली तर पाय जातात. ते कोणालाही होऊ शकतं. अ‍ॅलर्जी ज्याला आहे त्यालाच, आणि तीही मिनिटांत.

तुमच्या चुलतभावाची गोष्ट मात्र इथं सगळ्यांनी दोनदा वाचावी. पुरळ नाही म्हणून अ‍ॅलर्जी नाही, असं नसतं. दर दहात एक-दोन जणांच्या अंगावर काहीच दिसत नाही. आवाज घोगरा होणं, सारखा खोकला, छातीत शिट्टी, पोटात मुरडा येऊन उलट्या, एकदम घाम आणि चक्कर, 'माझं काहीतरी होऊन राह्यलं' असं माणूस स्वतः म्हणणं, या खुणा अंगावरच्या गांधींपेक्षा जास्त महत्त्वाच्या. दमा असलेल्या पोरात तर हमखास फसगत होते. काही खाल्ल्यावर नुसता खोकला सुरू होतो, घरचे दम्याचा अ‍ॅटॅक समजतात, वाफ देतात आणि वेळ निघून जातो.

आता मोटारसायकल. रिअ‍ॅक्शनमध्ये रक्तदाब कोसळतो, रक्त पायाकडं साचतं. अशा माणसाला उभं केलं, चालवलं, बसवलं की हृदयाकडं परत येणारं रक्तच आटतं. उठून उभं राहताच गेलेल्या रुग्णांच्या नोंदी आहेत, त्याही पम्फ्रींनीच लिहून ठेवल्यात. म्हणून आडवं ठेवायचं, पाय उंच. श्वास फारच लागत असेल तर पाय लांब पसरून टेकून बसू द्या. उलटी होत असेल किंवा शुद्ध हरपली असेल तर कुशीवर. गावात छोटा हत्ती, पिकअप, ट्रॅक्टरची ट्रॉली, जे मिळेल त्यात गादी टाकून आडवं न्या. १०८ ला फोन लावा, पण ती कुठवर आली ते विचारा. लांब असेल तर वाटेत भेटायचं ठरवून निघा.

औषधीवाला

तालुक्याच्या गावी माझं मेडिकल आहे. रोज कोणीतरी येतं, "भाऊ, रिअ‍ॅक्शनची गोळी द्या." लोकांच्या डोक्यात पक्कं बसलंय, अ‍ॅविल आणि डेक्सा ठोकलं की झालं. अ‍ॅविल खाज कमी करते. डेक्साला काम सुरू करायलाच काही तास लागतात. दोन्ही मिळून आवळलेला घसा उघडत नाहीत की पडलेला बीपी चढवत नाहीत. ते काम अ‍ॅड्रेनलिनचं, आणि तेही मांडीच्या बाहेरच्या बाजूच्या स्नायूत. अ‍ॅम्प्यूल अगदी स्वस्त आहे. परदेशात पेनासारखं तयार इंजेक्टर मिळतं. आपल्याकडं ते सहजी मिळत नाही आणि मिळालं तर महाग पडतं.

अजून एक, जे इथं कोणी लिहिलं नाही. बीपीच्या किंवा छातीत धडधड होण्याच्या काही गोळ्या असतात, मेटोप्रोलॉल, अ‍ॅटेनोलॉल, प्रोप्रॅनोलॉल वगैरे. त्या चालू असतील तर अ‍ॅड्रेनलिनचा हवा तसा असर होत नाही. ज्यांना अ‍ॅलर्जी आहे त्यांनी आपल्या डॉक्टरांना हे सांगावं. स्वतःच्या मनानं गोळी मात्र बंद करू नका, ते भलतंच होईल.

आमसूल

मग हे अ‍ॅड्रेनलिन घरीच ठेवायचं? सुई टोचणार कोण? उद्या काही उलटंपालटं झालं तर?

औषधीवाला

चिठ्ठी असेल तर मी देतो. अ‍ॅम्प्यूल, १ मिलिची सिरिंज, सुई. दुकानातच सिरिंज कशी भरायची ते दाखवतो.

एएनएम_ताई

@आमसूल काकू, तुमची भीती रास्त आहे. घाबरलेल्या माणसाकडून काचेचं अ‍ॅम्प्यूल फोडणं, बरोबर मात्रा भरणं, हे पटकन होत नाही. माझं मत असं की ज्या घरात धोका मोठा आणि दवाखाना लांब, तिथं डॉक्टरांनी पोराच्या वजनावर मात्रा लिहून द्यावी आणि घरातल्या दोघांना शिकवावं. वजनाच्या दर किलोला ०.०१ मिलि, म्हणजे ३० किलोच्या पोराला ०.३ मिलि. मुलांना एका वेळी ०.३ च्या वर नाही, मोठ्यांना ०.५ च्या वर नाही. गरज पडली तर ५ ते १५ मिनिटांनी दुसरी मात्रा. कोणी न शिकवता, नुसतं इथलं वाचून कोणी टोचू नका बरं.

आणि फार लोकांना माहीत नाही ते सांगते. लसीकरणाच्या दिवशी आमच्या बॅगेत अ‍ॅनाफिलॅक्सिस किट असतं, कारण लसीची रिअ‍ॅक्शन येऊ शकते. पहिली मात्रा द्यायचं प्रशिक्षणही आम्हाला मिळालेलं असतं.

पीएचसीवाला

ताईंच्या मुद्द्याला जोडून. साप चावल्यावर जे इंजेक्शन देतात त्याचीच जोरदार रिअ‍ॅक्शन येऊ शकते. त्यामुळे ते देताना अ‍ॅड्रेनलिन भरून शेजारी ठेवावंच लागतं. विदर्भात पावसाळ्यात साप काही आम्हाला सुट्टी देत नाही, तेव्हा हा साठा असतोच. आपल्या गावाला सापाचं इंजेक्शन सगळ्यात जवळ कुठं मिळतं ते बहुतेक शेतकऱ्यांना पाठ असतं. अ‍ॅलर्जीसाठीही तिथंच पळा. मोठं हॉस्पिटल गाठायच्या नादात ते ओलांडून जाऊ नका.

जि_प_गुरुजी

धागा फार कामाचा चाललाय. थोडं इतिहासातून.

फ्रेंच शास्त्रज्ञ शार्ल रिशे आणि पॉल पोर्तिए यांनी १९०१-०२ च्या सुमारास कुत्र्यांना समुद्रफुलाचं (हा फुलासारखा दिसणारा समुद्री प्राणी) विष अगदी थोडं टोचून पाहिलं. कल्पना अशी की हळूहळू सवय होऊन कुत्रे विष पचवू लागतील. नेपच्यून नावाच्या कुत्र्यानं पहिला डोस सहज पचवला. काही आठवड्यांनी त्याला पुन्हा थोडासा डोस दिला, तर अर्ध्या तासाच्या आत तो मेला. रिशे यांना १९१३ चं नोबेल या कामासाठी मिळालं. "थोडं थोडं खाऊ घाला, सवय होईल" म्हणणाऱ्या आज्या-काकांना मी हा कुत्रा सांगतो.

तर्री_पोहे

गुरुजी, आमच्या सासूबाई नेमकं हेच म्हणतात! पण मी मध्ये वाचलं होतं की बाळांना लवकर शेंगदाणा दिला तर अ‍ॅलर्जी टळते. मग खरं काय? आमचं धाकटं सहा महिन्यांचं आहे.

पीएचसीवाला

दोन्ही खरं. अ‍ॅलर्जी होण्याआधी आणि झाल्यानंतर, हा फरक आहे. २०१५ साली लंडनमधला एक मोठा प्रयोग प्रसिद्ध झाला. ज्यांना जोरदार एक्झिमा (खाज सुटणारा त्वचेचा आजार) किंवा अंड्याची अ‍ॅलर्जी होती अशी ६४० बाळं, वय ४ ते ११ महिने. अर्ध्यांना नेमानं शेंगदाणा खाऊ घातला, अर्ध्यांना दिलाच नाही. पाच वर्षांची होईपर्यंत खाणाऱ्यांत शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी सुमारे ८० टक्के कमी निघाली. तुमच्या मोठीला अंड्याचं आहे, पण प्रश्न धाकट्याचा स्वतःचा आहे. त्याच्या अंगावर एक्झिमा असेल तर आधी बालरोगतज्ज्ञांना दाखवा. नसेल तर बारीक कूट पातळ करून द्यायला हरकत नाही. अख्खा दाणा पाच वर्षांपर्यंत नको, तो श्वासनलिकेत अडकतो.

ज्याला आधीच अ‍ॅलर्जी आहे त्याला घरी थोडं थोडं देऊन सवय लावणं म्हणजे गुरुजींचा कुत्रा. तशा उपचारपद्धती आहेत, पण त्या तज्ज्ञांच्या देखरेखीखाली, आणि दमा ताब्यात नसेल तर तेही सुरू करत नाहीत.

गंजवाल्या_काकू

मी लग्नाच्या स्वयंपाकाचे ऑर्डर घेते, म्हणून लिहिते. पांढरं_सोनं ताई, तुम्हाला वाटतं दाणे डाळभाजीत आहेत. ते दिसतात तरी. न दिसणारे सांगते. वांग्याच्या भाजीच्या रश्श्याला कूट. कोशिंबिरीला कूट. ठेच्यात दाणे. सावजी रस्सा असेल तर वाटणात काय काय आहे ते आचारी आपल्या सख्ख्या भावालाही सांगत नाही. आणि सगळ्यात वाईट म्हणजे डाव. डाळभाजीच्या गंजातला (पातेल्यातला) डाव वाढणारं पोरगं घाईत साध्या वरणाच्या गंजात घालतं. मी स्वतः रागावते, तरी घालतात. साधं वरण-भात खाल्लं आणि पोराला उठलं, तर ते कशानं हे कोणालाच समजणार नाही.

मी एक करते. कोणी आधी सांगितलं तर त्या माणसाचा डबा सगळ्यात पहिले, दाणे भाजायच्या आधी, वेगळ्या भांड्यात काढून झाकून ठेवते. पण आधी सांगा. पंगत बसल्यावर सांगू नका, तेव्हा आमच्या हातात काही नसतं.

मिक्सरवाली

काकूंना +१. घरचं मिक्सरचं भांडंही तसंच. जवसाची चटणी, तिळाची चटणी, दाण्याची चटणी, सगळं एकाच भांड्यात फिरतं.

पाकिटाबद्दल: एफएसएसएआयच्या (केंद्राची अन्नसुरक्षा संस्था) २०२० च्या नियमांत शेंगदाणा, सोयाबीन, दूध, अंडी, मासे, झिंग्यासारखे कवचवाले, काजू-बदाम वगैरे आणि गहू यांचा उल्लेख पाकिटावर करणं बंधनकारक आहे. तीळ आणि हरभरा त्या यादीत नाहीत. हरभऱ्याची अ‍ॅलर्जी आपल्याकडं चांगलीच आढळते, मुंबईच्या डॉक्टरांनी २००१ सालीच त्यावर शोधनिबंध छापलाय. आणि आपण तर बेसनावर जगणारी माणसं. झुणका, पाटवडी, पुडाची वडी, कढीगोळे. गावच्या दुकानातल्या सुट्या फरसाणाला तर पाकीटच नसतं, वाचणार काय!

शुद्ध_घाणा

हरभऱ्याचीही असते? मग खायचं काय माणसानं?

कास्तकार_बावा

भाकर.

पांढरं_सोनं

सगळ्यांचे मनापासून आभार. इतकं वाचून ताईला फोन केला. आधी उडवून लावलं, पण झाडीपट्टी दादांची मोटारसायकलची गोष्ट वाचून दाखवली तेव्हा गप्प झाली. कारण त्याला तसंच नेलं असतं, घरी तीच गाडी आहे.

काल यवतमाळला छातीच्या डॉक्टरांना दाखवलं. फुंकायच्या मशीनवर दमा ताब्यात नाहीच असं निघालं. कबड्डीत धाप लागते ते 'स्टॅमिना कमी' म्हणून तो लपवत होता. रोजचा पंप पुन्हा सुरू. डॉक्टरांनी सांगितलं की रोजचा पंप सवय लावत नाही, सूज खाली ठेवतो, आणि धाप लागल्यावरचा निळा पंप वेगळा. अ‍ॅड्रेनलिनची मात्रा वजनावर लिहून दिली, दाजींना आणि मला रिकाम्या सिरिंजनं दाखवलं. ताईनं सुई पाहूनच हात वर केले.

प्रश्न उरला पोराचा. त्याला मित्रांसमोर सांगायची लाज वाटते. "बायल्या म्हणतात," असं म्हणाला. त्याला काय सांगू?

आणि इंजेक्शन दिल्यावर बरं वाटलं तर घरी थांबलं तर चालेल का, हे विचारायचं राहून गेलं.

पीएचसीवाला

घरी थांबू नका. उतरलेली रिअ‍ॅक्शन पुन्हा काही खाल्लेलं नसतानाही काही तासांनी परत येऊ शकते. निदान चार-सहा तास दवाखान्यात. दमा असलेल्या किंवा दोन मात्रा लागलेल्या पोराला आम्ही रात्रभर ठेवतो.

जि_प_गुरुजी

लाजेचं माझ्याकडं सोपवा. संघाच्या कप्तानाला आणि क्रीडाशिक्षकाला बोलवा, पोराला नव्हे. त्यांना दोनच गोष्टी सांगायच्या: सिरिंज बॅगेच्या कोणत्या कप्प्यात आहे, आणि हा आडवा पडला तर याला उभा करायचा नाही. कप्तानावर जबाबदारी टाकली की चिडवणं बंद होतं, शाळेत पाहिलंय. आणि वर्गातल्या इतर पोरांना धमकी म्हणून नव्हे, माहिती म्हणून सांगा. याच्या डब्यात गंमत म्हणून दाणा टाकायचा नाही.

एएनएम_ताई

अ‍ॅम्प्यूल उन्हात, गाडीच्या डिकीत ठेवू नका. यवतमाळच्या मे महिन्यात ते टिकणार नाही. फ्रिजमध्येही नको. घरातल्या थंड, अंधाऱ्या जागी. औषध पाण्यासारखं पारदर्शक असावं, तपकिरी झालं असेल तर फेका. एक्सपायरीची तारीख मोबाईलमध्ये टाकून ठेवा.

गंजवाल्या_काकू

लग्न कोणत्या तारखेचं आहे ताई? आचारी कोण ते सांगा, आमच्यातलाच असेल तर मी बोलते त्याच्याशी.

पांढरं_सोनं

काकू, व्यनि (खासगी निरोप) करते.